दिवा कोणी विकत घेतला? सदोष वस्तू, जखमी माणसे आणि ११२ वर्षांचा न्यायालयीन प्रवास

१/ तंबूत पेटवलेला स्टोव्ह भडकला आणि भाजली ती व्यक्ती, जिने तो विकत घेतलाच नव्हता. स्टोव्ह मित्राचा होता, आणि कंपनीने तो सदोष म्हणून नंतर परत मागवला. आज तिला भरपाई मागता येते, हे आपण गृहीत धरतो. हा हक्क कसा घडला, त्याचा हा धागा. 🧵

२/ आरंभ १८४२ मध्ये, इंग्लंडात. टपालगाडी मोडून पडली आणि विंटरबॉटम नावाचा गाडीवान जन्माचा पांगळा झाला. गाड्या सुस्थितीत ठेवण्याचा करार राइट या पुरवठादाराने पोस्टमास्टर जनरलशी केला होता, गाडीवानाशी नव्हे. न्यायालय म्हणाले : करार नाही, म्हणून दावाही नाही.

३/ यामागचे भय उघड होते. करारात नसलेल्यालाही दाद दिली, तर दाव्यांना अंतच उरणार नाही. रस्त्याने जाणारा कोणीही उठेल आणि कारखानदाराला न्यायालयात खेचेल! नवजात उद्योगांचे या नियमाने रक्षण झाले. त्याची किंमत मात्र गाडीवानाने मोजली.

४/ १८५१ : लाँगमीड विरुद्ध हॉलिडे. आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा हा खटला, कारण वस्तू आहे दिवा. पतीने दोघांच्या वापरासाठी तो आणला. पत्नीने पेटवताच त्याचा स्फोट झाला आणि ती भाजली. दिव्याची घडण सदोष होती, हे ज्यूरीनेही मान्य केले.

५/ तरीही ती हरली. विक्रेत्याने लबाडी केल्याचे सिद्ध झाले नाही. आणि दिवा खरेदी केला होता पतीने, तिने नव्हे. ज्याने पैसे मोजले त्याचा विक्रेत्याशी करार. जिची कातडी जळली ती कायद्याच्या लेखी त्रयस्थ. हा दिवा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

६/ पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयाने भिंतीला पहिली चीर पाडली. औषधाच्या बरणीवर चुकीची चिठ्ठी लागली; सौम्य अर्काऐवजी बेलाडोना हे विष रुग्णाच्या पोटात गेले. विष जात्याच घातक, म्हणून येथे कराराची अट नको, असा निर्णय झाला. अपवाद निर्माण झाला. नियम मात्र टिकला.

७/ १९१६ : मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक. मोटारीच्या लाकडी चाकाच्या आऱ्या मोडल्या आणि मालक फेकला गेला. मोटार त्याने वितरकाकडून घेतलेली. चाकही ब्युइकने दुसऱ्या कारखान्यातून आणलेले. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी निकाल दिला : निष्काळजीपणे बनवली तर घातक ठरेल अशी वस्तू, आणि ती खरेदीदाराखेरीज इतरांच्याही वापरात येणार हे ठाऊक असेल, तर काळजी घेणे हे उत्पादकाचे कर्तव्यच आहे, मग करार असो वा नसो.

८/ १९३२ मध्ये ब्रिटनही त्याच वाटेने गेले. पेज्ली गावातील उपाहारगृहात मैत्रिणीने घेऊन दिलेल्या जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ अशा मतांनी दावा ग्राह्य धरला. लॉर्ड ॲटकिन यांचे शेजारधर्माचे तत्त्व ते याच खटल्यातले.

९/ एक अडचण उरलीच. कारखान्यात नेमकी कोणाची हयगय झाली, हे बाहेरच्या माणसाने सिद्ध कसे करावे? ५ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियात सोड्याची बाटली हातात फुटून जखमी झालेल्या एका वेट्रेसचा निकाल लागला. ती जिंकली, पण न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी स्वतंत्र मत लिहिले : सदोष माल बाजारात आणला एवढेच पुरे, हयगयीचा पुरावा मागूच नका.

१०/ आणि दुसऱ्याच दिवशी, ६ जुलै १९४४ ला, हार्टफर्ड शहरात सर्कशीचा तंबू पेटला. जलरोधक करण्यासाठी त्याच्या कापडाला पेट्रोलात विरघळवलेले पॅराफिन फासले होते. किमान १६७ माणसे गेली. सर्कशीने लवादामार्फत भरपाईचे दायित्व स्वीकारले आणि पुढे कित्येक वर्षे आपल्या उत्पन्नातून ती फेडली. शिबिरांचे तंबूही तेव्हा पॅराफिननेच जलरोधक करीत. तंबूच्या कापडाने सहज पेट घेऊ नये यासाठीचे मानक अमेरिकेत रुजायला मात्र १९७० चे दशक उजाडले.

११/ १९६३ : ग्रीनमन विरुद्ध युबा. पत्नीने पतीला नाताळची भेट म्हणून सुतारकामाचे यंत्र दिले. ते चालवताना लाकडाचा तुकडा उडाला आणि त्याच्या कपाळावर आदळला. कंपनी म्हणाली, याने साडेदहा महिने आम्हाला कळवलेच नाही. ट्रेनर यांचे उत्तर : हे दायित्व करारातून जन्मलेलेच नाही, मग कराराच्या अटी कशाला? १९४४ चे एकट्याचे मत आता एकमताचा निकाल बनले.

१२/ आता तो दिवा आठवा. १८५१ : पतीने घेतले, पत्नी भाजली, दावा फेटाळला. १९६३ : पत्नीने घेतले, पती जखमी झाला, दावा मंजूर. मधली ११२ वर्षे एकाच प्रश्नाची होती : जखम मोठी की पावती?

१३/ मग रिकॉल. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आला. दुरुस्ती, बदली वा पैसे परत असे उपाय ठरले. येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. माल परत मागवल्याने किंवा सुरक्षा नियम पाळल्याने उत्पादक दाव्यातून सुटत नाही. उलट, रिकॉल झाला एवढ्याने दावा सिद्धही होत नाही. हाच दोष याच वस्तूत होता आणि त्यानेच इजा झाली, हे दाखवावे लागते. म्हणून जळका स्टोव्ह हाच पहिला साक्षीदार. तो भंगारात टाकला, की साक्ष गेली.

१४/ आणि आपल्याकडे? १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'ग्राहक' या शब्दात खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही स्थान दिले. लाँगमीडची पत्नी या व्याख्येत सहज बसली असती! २०१९ च्या कायद्याने उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आणले आणि घातक माल परत मागवण्याचा आदेश देणारे केंद्रीय प्राधिकरणही. मात्र वस्तूचा गैरवापर केला किंवा तिच्यात स्वतःच फेरफार केला, तर हे संरक्षण गळून पडते.

१५/ कायदे संसदेत लिहिले जातात हे खरे. पण या कायद्याचा पाया एक पांगळा गाडीवान आणि एक भाजलेली स्त्री यांनी घातला. दोघेही हरले. त्यांच्या पराभवाची नोंद उरली, म्हणून पुढच्यांना तो नियम अन्यायाचा आहे हे दाखवता आले. इतिहास जेत्यांचाच असतो असे म्हणणाऱ्यांनी कधीतरी जुन्या निकालपत्रांच्या फायली उघडून पाहाव्यात. 🙏