मौरीपूरच्या रस्त्यावरचा एक तास

१/
११ सप्टेंबर १९४८. दुपारचे सव्वाचार. कराचीजवळच्या मौरीपूर विमानतळावर एक वायकिंग विमान उतरले. त्यातून स्ट्रेचरवर एका रुग्णाला बाहेर आणण्यात आले. वय ७१, वजन जेमतेम ३६ किलो. स्वागताला मंत्री नव्हते, मानवंदनेला तुकडी नव्हती, वार्ताहर नव्हते. तो रुग्ण म्हणजे पाकिस्तानचे संस्थापक आणि पहिले गव्हर्नर जनरल महंमद अली जीना.

२/
विमानतळापासून गव्हर्नर जनरलचे निवासस्थान नऊ-दहा मैलांवर होते. एवढे अंतर तोडायला त्या दिवशी जवळपास दोन तास लागले. क्वेट्टा ते कराची या विमानप्रवासालाही साधारण तितकाच वेळ लागला होता. कारण वाटेतच रुग्णवाहिका बंद पडली. गाडी बिघडणे ही रोजचीच गोष्ट. पण या बिघाडाने एका राष्ट्राच्या इतिहासात असा प्रश्न सोडला, की त्याची चर्चा आजही थांबलेली नाही.

३/
हे जीना महाराष्ट्राला अनोळखी नव्हेत. त्यांची सारी वकिली मुंबईच्या उच्च न्यायालयात बहरली. १९१६ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोही भाषणांबद्दल कारवाई झाली, तेव्हा उच्च न्यायालयात टिळकांची बाजू मांडणारे आणि त्यांना सोडवणारे बॅरिस्टर हेच. मलबार हिलवर त्यांचा बंगला होता. पत्नी रतनबाई यांचे दफनही मुंबईतच झाले. जीनांच्या आजाराचे रहस्य ठाऊक असणारे एक पारशी डॉक्टर, जे. ए. एल. पटेल, हेही मुंबईचेच.

४/
‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या १९७५ च्या पुस्तकाने डॉ. पटेलांच्या दवाखान्यात जपून ठेवलेल्या एका क्ष-किरण चित्राची कथा जगापुढे आणली. जीनांची फुप्फुसे क्षयाने पोखरलेली होती आणि ही गोष्ट कटाक्षाने गुप्त ठेवण्यात आली होती. वाटाघाटींच्या पटावर बसलेल्या नेत्याचे आयुष्य सरत आले आहे हे प्रतिपक्षाला कळले, तर तो केवळ वाट पाहत बसेल, हा त्यामागचा हिशेब. पुढे मौरीपूरच्या रस्त्यावर जे घडले, त्याचे एक मूळ या गुप्ततेत आहे.

५/
१ जुलै १९४८ रोजी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन करून जीना पुन्हा बलुचिस्तानातील झियारतला गेले. आठ हजार फुटांहून अधिक उंचीवरचे हे थंड हवेचे ठिकाण. जुलैच्या उत्तरार्धात लाहोरहून डॉ. इलाही बख्श यांना पाचारण करण्यात आले. तपासण्या झाल्या आणि क्षयाचे निदान पक्के झाले. तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हतेच. स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटनमधील प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष छापून आले ते ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस.

६/
झियारतची उंची मानवेना म्हणून १३ ऑगस्टला त्यांना क्वेट्ट्याला आणले गेले. किंचित उतार पडल्यासारखे वाटले, पण ९ सप्टेंबरला न्यूमोनियाने गाठले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी भगिनी फातिमा जीना यांना सांगितले की आता फारशी आशा उरलेली नाही. राजधानीत निदान अधिक चांगले उपचार मिळतील या विचाराने ११ तारखेला कराचीला हलवण्याचे ठरले.

७/
क्वेट्ट्याच्या विमानतळावर स्ट्रेचर विमानात चढवले जात असताना वैमानिकांनी सलामी दिली. फातिमा जीनांच्या आठवणींनुसार त्या क्षीण देहाने हात किंचित उचलून तिचा स्वीकार केला. वाटेत प्राणवायूची नळी आळीपाळीने हातात धरून डॉक्टर, परिचारिका आणि बहीण यांनी प्रवास पार पाडला. हे आगमन खाजगी ठेवावे, कोणीही विमानतळावर येऊ नये, अशा सूचना आधीच गेल्या होत्या. त्यामुळे तेथे होते ते लष्करी सचिव कर्नल जेफ्री नोल्स आणि एक रुग्णवाहिका.

८/
फातिमा जीना आणि परिचारिका फिलिस डनहॅम रुग्णासोबत आत बसल्या. डॉक्टर आणि लष्करी सचिव गव्हर्नर जनरलच्या कॅडिलॅकमधून मागोमाग निघाले. सुमारे चार मैल गेल्यावर रुग्णवाहिकेने आचका दिला आणि ती थांबली. चालक खाली उतरला, इंजिनाशी खटपट करू लागला. वीस मिनिटे गेली, तरी गाडी सुरू होईना.

९/
मागे मोटार उभी होती, मग रुग्णाला तिच्यातून का नेले नाही? हा प्रश्न हटकून विचारला जातो. उत्तर साधे आहे. मोटारीत स्ट्रेचर मावत नव्हते, आणि रुग्णाला मागच्या आसनावर टेकवून बसवावे एवढी शक्ती त्याच्यात उरली नव्हती. अखेर कर्नल नोल्स आणि डॉ. मिस्त्री दुसरी रुग्णवाहिका आणण्यासाठी शहराकडे धावले. बाकीच्यांच्या हाती वाट पाहणेच होते.

१०/
वारा पडलेला, हवा दमट, माश्या घोंघावत होत्या. त्या हाकलण्यासाठी दोघी स्त्रिया पुठ्ठ्याच्या तुकड्याने आळीपाळीने वारा घालत होत्या. एका क्षणी जीनांनी चादरीतून हात बाहेर काढून डनहॅम यांच्या हातावर ठेवला. ते बोलले नाहीत; पण त्यांच्या नजरेत कृतज्ञता होती, असे त्या परिचारिकेने पुढे सांगितले. नाडी मंदावत आणि अनियमित होत होती. डॉ. बख्श यांनी धावत जाऊन सामानातून गरम चहाचा थर्मास आणला आणि बहिणीने तो चहा भावाला पाजला.

११/
जवळच निर्वासितांच्या शेकडो झोपड्या होत्या. फाळणीत घरदार सोडून आलेली माणसे आपापल्या कामात होती. बस आणि ट्रक शेजारून जात होते. आपल्या देशाचा प्रमुख या बंद पडलेल्या गाडीत शेवटचे श्वास मोजतो आहे, याची त्यांपैकी कोणालाही कल्पना नव्हती. जेमतेम तेरा महिन्यांपूर्वी, १४ ऑगस्ट १९४७ रोजी, हाच माणूस माउंटबॅटन यांच्यासह उघड्या मोटारीतून याच शहरातून गेला होता. तेव्हा रस्त्यांवर मुंगीला वाट मिळत नव्हती.

१२/
तासाभराहून अधिक वेळाने दुसरी रुग्णवाहिका आली. तिच्यावर गव्हर्नर जनरलचा ध्वज नव्हता, त्यामुळे कराचीच्या रस्त्यांवरूनही ती कोणाच्या नजरेत भरली नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी निवासस्थान आले. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी जीनांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत दफनविधी पार पडला.

१३/
आता साधनांकडे वळू. या प्रसंगाचे दोन प्रमुख साक्षीदार लिहून गेले. डॉ. इलाही बख्श यांचे पुस्तक १९४९ साली, म्हणजे घटना ताजी असताना आले. ते इंजिनाच्या बिघाडाविषयी लिहितात. फातिमा जीनांच्या आठवणी बऱ्याच उशिरा लिहिल्या गेल्या आणि त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी, १९८७ साली, काही मजकूर गाळून प्रसिद्ध झाल्या. पेट्रोल संपल्याचे आपल्याला सांगण्यात आले, असे त्या नोंदवतात. एकाच गाडीचे हे दोन वृत्तान्त, आणि दोन्ही प्रत्यक्षदर्शींचे.

१४/
ही तफावत म्हणजे कटाचा पुरावा नव्हे. संकटात सापडलेली माणसे जे ऐकतात, जे पाहतात आणि जे पुढे आठवतात, त्यात अंतर पडतेच. तरीही संशय वाढत गेला. १९५१ च्या पुण्यतिथीला फातिमा जीनांच्या नभोवाणी भाषणात मध्येच खंड पडला. कारण तांत्रिक असल्याचे सांगण्यात आले. अनेकांना ते पटले नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला रावळपिंडीत पंतप्रधान लियाकत अली खान यांची भर सभेत हत्या झाली आणि संशयाला उत्तर देऊ शकणारा एक प्रमुख आवाज कायमचा बंद झाला.

१५/
तो तास वाया गेला नसता तर जीना वाचले असते का? वैद्यकीय वस्तुस्थिती तसे सांगत नाही. दोन्ही फुप्फुसे जर्जर, त्यात न्यूमोनिया, आणि आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सोडलेली आशा. रुग्णवाहिकेने मृत्यू आणला नाही. तिने हिरावून घेतली ती मरणासन्न माणसाची शेवटची सोय: वेळेवर मिळणारा बिछाना, सावली आणि शांतता.

१६/
म्हणून ‘गाडी कोणी बिघडवली?’ यापेक्षा ‘दुसरी गाडी का नव्हती?’ हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो. त्याच्या उत्तरासाठी कट गृहीत धरावा लागत नाही. राज्ययंत्रणा तेरा महिन्यांची होती आणि राजधानी निर्वासितांनी ओसंडून वाहत होती. शिवाय आजार झाकायचा म्हणून आगमन झाकले गेले. आगमन झाकले म्हणून ताफा नव्हता. ताफा नाही म्हणून पर्यायी वाहनही नव्हते. ज्या गुप्ततेने एकेकाळी जीनांच्या राजकारणाला संरक्षण दिले, तिनेच अखेरच्या प्रवासात त्यांना एकाकी पाडले.

१७/
गव्हर्नर जनरलपद आणि संविधान सभेचे अध्यक्षपद ही दोन्ही पदे जीनांकडेच होती. एवढी सत्ता ज्या एका देहात एकवटली होती, तो देह त्या रात्री शांत झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ तारखेला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. भारताचे संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले. पाकिस्तानला आपल्या पहिल्या संविधानासाठी १९५६ ची वाट पाहावी लागली. या विलंबाची कारणे अनेक होती, पण सारा भार पेलणारा माणूस इतक्या लवकर जाणे हे त्यांतील लहान कारण नव्हते.

१८/
जीनांच्या राजकारणाविषयी मते तीव्र आहेत आणि भारतीय उपखंडात ती तशीच राहतील. फाळणीच्या जखमा ज्यांनी सोसल्या, त्यांना तो हिशेब मागण्याचा अधिकारही आहे. मात्र त्या संध्याकाळचे चित्र त्या हिशेबापलीकडचे आहे. रस्त्याकडेला उभी बंद गाडी, हाती पुठ्ठा घेऊन माश्या वारणारी बहीण, आणि थोड्याच अंतरावर त्या माणसाच्या निर्णयांनी ज्यांचे आयुष्य उलथून गेले ती झोपड्यांतली माणसे. तासभर ती एकमेकांच्या इतकी जवळ होती, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.