बदकाचें यकृत आणि इंटरफेरॉनची कथा

विषाणूला स्वतंत्र संसार नसतो. दुसऱ्याच्या जिवंत पेशींत शिरूनच त्याला आपला वंश वाढवितां येतो. म्हणून त्याचा अभ्यास करावयाचा तर स्वस्त, स्वच्छ आणि केव्हांही मिळणारी जिवंत सामग्री हवी. ती गरज कोंबडीच्या उबवणीच्या अंड्यानें अनेक वर्षें भागविली. लंडनच्या उत्तर भागांत मिल हिल येथें वैद्यकीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था होती. तेथें स्कॉटलंडचे अॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले त्यांचे तरुण सहकारी झां लिंडेनमान यांनीं उष्णतेनें निर्जीव केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणु अंड्यांतील गर्भाभोंवतालच्या पातळ पडद्याच्या तुकड्यांवर ठेविला. कांहीं तासांनीं भोंवतालचा द्रव काढून घेऊन तो ताज्या पडद्यावर घातला, आणि मग जिवंत विषाणु त्यावर सोडला, तर तो वाढेना. मेलेल्या शत्रूच्या नुसत्या स्पर्शानें पेशींनीं कांहीं तरी द्रव्य बाहेर सोडलें होतें, आणि तें द्रव्य ज्या पेशींनीं शत्रूला कधीं पाहिलेंही नव्हतें त्यांचें रक्षण करीत होतें. १९५७ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला.

अडथळा या अर्थाच्या शब्दावरून त्या द्रव्याला इंटरफेरॉन हें नांव मिळालें. कित्येकांनीं त्याची थट्टा केली, कारण तें शुद्ध स्वरूपांत कोणाच्याच हातीं लागत नव्हतें. आयझॅक्स तर १९६७ सालीं, अवघ्या ४५ वर्षांचे असतांना निवर्तले. तथापि इंटरफेरॉनचा एक स्वभाव आरंभींच लक्षांत आला होता. तें बहुधा स्वजातीपुरतेंच काम करतें. कोंबडीच्या पेशींनीं निर्मिलेलें इंटरफेरॉन माणसाच्या पेशींना उपयोगीं पडत नाहीं, आणि माणसाचें कोंबडीला पडत नाहीं. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीनें पुढें एका मोठ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ वर्षें लांबविलें.

तो प्रश्न काविळीचा होता. रक्तावाटे आणि आईकडून मुलाला जडणारी जी कावीळ, तिच्या विषाणूचा पहिला माग अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लंबर्ग यांना लागला. ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवांत त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळलें. १९६५ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली, आणि तें हेपॅटायटिस ‘बी’ विषाणूच्या बाह्य आवरणाचें असल्याचें मागाहून ठरलें. १९७६ सालीं ब्लंबर्ग नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. या रोगाचें खरें भय त्याच्या तडाख्यापेक्षां त्याच्या चिकाटींत आहे. प्रौढपणीं तो जडला तर शंभरांतील पंचाण्णव जण त्यांतून मोकळे होतात. जन्मतःच जडला तर मात्र दहांतील नऊ मुलें आयुष्यभर विषाणु वाहत राहतात. आणि त्यांतील कित्येकांचें यकृत पुढें ऐन उमेदींत आकसतें, किंवा तेथें कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं जगांत असे वाहक २५ कोटी ४० लाख होते, आणि त्या एका वर्षांत सुमारें ११ लाख माणसें या रोगानें दगावलीं. विषाणु एकच, अवयव एकच. मग वयानें एवढा फरक कां पडावा?

माणसावर या प्रश्नाचा प्रयोग करतां येत नाहीं. चिंपांझीला हा विषाणु जडतो, पण तो प्राणी दुर्मिळ आणि महाग. अशा वेळीं फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाच्या प्रयोगशाळेंतील वुडचक मदतीस आले. वुडचक हा खारीच्या कुळांतील, बिळांत राहणारा लठ्ठ प्राणी. रॉबर्ट स्नायडर यांनीं पाळलेले हे प्राणी यकृताच्या कर्करोगानें मरत. १९७८ सालीं जेसी समर्स व त्यांचे सहकारी यांना त्यांच्या रक्तांत माणसाच्या विषाणूचा जणूं चुलतभाऊच सांपडला. मग शोध इतर प्राण्यांकडे वळला. चीनच्या कांहीं भागांत पाळीव बदकांच्या यकृताला गांठी होतात, अशी वार्ता होती. १९८० सालीं विल्यम मेसन, समर्स आणि सहकाऱ्यांनीं पेकिन जातीच्या पांढऱ्या बदकांत तसाच विषाणु असल्याचें जाहीर केलें. आणि तो चीनच्याच नव्हे, तर अमेरिकेंतील कळपांतही निघाला. बाजारांत रोज विकल्या जाणाऱ्या पाखरांत तो मुकाट्यानें नांदत होता.

मुकाट्यानें हा शब्द येथें अक्षरशः खरा आहे. विषाणुग्रस्त बदकीच्या रक्तांतून तो अंड्याच्या बलकांत उतरतो आणि तेथून गर्भाच्या यकृतांत पोंचतो. पिलूं बाहेर येतें तें विषाणूनें भरलेलें रक्त घेऊनच. तरी तें इतर पिलांसारखेंच खातें, पोहतें, वाढतें. त्याची प्रतिकारशक्ति जागी होण्यापूर्वींच विषाणु घरांत येऊन बसलेला असल्यामुळें ती त्याला परका मानीत नाहीं. माणसाच्या तान्ह्या मुलांत जें घडतें, त्याचें हें स्पष्ट चित्र होय.

या विषाणूच्या वाढीची अजब रीतही बदकाच्याच यकृतांत उलगडली. त्याचें बीज डी. एन. ए.चें असतें, पण तें आपली नक्कल सरळ करीत नाहीं. आधीं आर. एन. ए.ची प्रत निघते आणि तीवरून उलट्या दिशेनें पुन्हां डी. एन. ए. घडविला जातो. समर्स आणि मेसन यांनीं १९८२ सालीं हें दाखविलें. पेशीच्या केंद्रकांत या बीजाचें एक बंद वर्तुळ होतें आणि सर्व प्रती त्यावरूनच निघतात. तें वर्तुळ कसें भरत जातें हें १९८६ सालीं बदकाच्या यकृतपेशींवरूनच समजलें. पुढील सर्व कथेंत हें बंद वर्तुळ खलनायकाचें काम करतें.

वयाच्या कोड्याचा नीट तपास ऑस्ट्रेलियांत, अॅडलेड येथें, अॅलिसन जिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. नुकत्याच जन्मलेल्या पिलाला विषाणूचा एकच कण टोंचला तरी तो पुरतो, असें १९९६ सालीं त्यांना आढळलें. उलट वाढलेल्या बदकाला मोठी मात्रा देऊन यकृताच्या बहुतेक सर्व पेशी ग्रस्त केल्या, तरी कांहीं आठवड्यांत तें बदक त्यांतून मोकळें होतें; हें १९९२ सालींच दिसून आलें होतें. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. यकृताच्या जवळ जवळ सर्व पेशी शत्रूच्या ताब्यांत गेल्यावर त्या सर्व मारून टाकल्या, तर यकृतच उरणार नाहीं आणि प्राणी मरेल. बदक तर जगतें. मग प्रतिकारशक्ति त्या पेशींना मारते कीं बरें करते?

येथें इंटरफेरॉनची गांठ पुन्हां पडते. १९७६ सालीं स्टॅनफर्ड येथें मानवी रक्ताच्या पांढऱ्या पेशींपासून काढलेलें इंटरफेरॉन कांहीं जुनाट रुग्णांना देऊन पाहिलें होतें, आणि त्यांच्या रक्तांतील विषाणु ओसरला होता. १९८० सालीं झुरिचमध्यें चार्ल्स वाइसमान यांच्या प्रयोगशाळेनें मानवी इंटरफेरॉनचें जनुक जंतूंत घालून तें द्रव्य हवें तितकें निर्माण करण्याची वाट मोकळी केली. १९९२ सालीं अमेरिकेंत या रोगावर त्याला मान्यता मिळाली; पण उपचार घेणाऱ्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश रुग्णांनाच त्याचा टिकाऊ गुण येई. बाकीच्यांत तें कोठें अडतें हें पाहण्यास बदकासारखें साधन नव्हतें, आणि बदकाला माणसाचें इंटरफेरॉन चालत नव्हतें. येथें नशिबाची थट्टा अशी कीं ज्या कोंबडीच्या अंड्यांत इंटरफेरॉन प्रथम सांपडलें, त्या कोंबडीच्या इंटरफेरॉनचें जनुक हातीं येण्यास १९९४ साल उजाडलें. माणसाची निकड असली म्हणजे पैसा व हात दोन्ही मिळतात. पाखरांच्या वांट्याला सदतीस वर्षांची प्रतीक्षा आली. कोंबडीचें जनुक मिळाल्यावर मात्र जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें उलरिके शुल्ट्झ, पीटर श्टेहेली व सहकाऱ्यांनीं लगोलग बदकाचें शोधून काढलें, आणि १९९५ सालीं त्याचा परिणाम बदकाच्या यकृतपेशींवर पाहिला. विषाणूची वाढ दबली. १९९९ सालीं आणखी खोलांत जाऊन दिसलें कीं आर. एन. ए. बाळगणारीं विषाणूचीं अपक्व कवचें इंटरफेरॉनमुळें पेशींतून नाहींशीं होतात. म्हणजे छापखाना बंद पडत नाहीं, तर छापलेले कागद बांधणींत जाण्यापूर्वींच नष्ट होतात. केंद्रकांतील बंद वर्तुळ हटविणें ही गोष्ट मात्र निराळी. उपचार थांबल्यावर रोग पुन्हां डोकें वर काढतो त्याचें मूळ तेथें आहे.

याच सुमारास अमेरिकेंत ला होया येथें फ्रान्सिस चिसारी आणि लुका ग्विडोटी हे दुसऱ्या बाजूनें त्याच प्रश्नाला भिडले होते. १९९६ सालीं उंदरांत आणि १९९९ सालीं चिंपांझींत त्यांना असें दिसलें कीं लढाऊ पांढऱ्या पेशी जो गॅमा इंटरफेरॉन वगैरे द्रव्यांचा वर्षाव करतात, त्यामुळें पेशी न मरतांच बराचसा विषाणु निघून जातो. त्याच वर्षीं शुल्ट्झ आणि चिसारी यांनीं बदकाचें गॅमा इंटरफेरॉनही यकृतपेशींतील विषाणूला रोखतें असें दाखविलें. पेशी बऱ्या होतात, हा पक्ष प्रबळ झाला. परंतु समर्स, मेसन व जिल्बर्ट यांना तें पटेना. विषाणूच्या बीजाचे तुकडे कधीं कधीं यकृतपेशीच्या स्वतःच्या बीजांत कायमचे शिवले जातात. पेशी नुसती बरी झाली तर ती शिवण तशीच राहील, मेली तर जाईल. २००३ सालीं वुडचकमध्यें त्यांनीं या शिवणी मोजल्या, आणि रोग हटेपर्यंत जवळ जवळ एका संपूर्ण यकृताएवढ्या पेशींची उलथापालथ झाल्याचा हिशेब काढला. दोन्ही पक्षांचे पुरावे पाहतां वादाची धार उगीच तीव्र झाली असें वाटतें: इंटरफेरॉन आधीं विषाणूचा भार हलका करतें, आणि मरणाऱ्या पेशींची जागा नव्या पेशी भरीत असतांना बंद वर्तुळ पातळ होत जातें, असें मानल्यास दोन्ही निरीक्षणें एकत्र नांदूं शकतात.

बदकानें शास्त्रज्ञांना त्रासही थोडा दिला नाहीं. उंदराच्या पांढऱ्या पेशी ओळखण्याचीं जीं साधनें तयार मिळतात, तीं बदकासाठीं जवळ जवळ नव्हतींच; आणि त्याच्या रक्तांतील एका जातीच्या प्रतिद्रव्याला तर शेंपटाकडचा भागच नसतो, त्यामुळें इतर प्राण्यांवरून बांधलेले अंदाज चुकत. विषाणूही मोठा सोवळा. १९८८ सालीं जर्मनींत राखी बगळ्यांत सांपडलेला त्याचा भाऊबंद बदकाला जडत नाहीं. या कुळाचें वय मात्र थक्क करणारें आहे. पक्ष्यांच्या बीजांत अडकून राहिलेल्या त्याच्या प्राचीन अवशेषांवरून, तें निदान आठ कोटी वर्षांपासून पाखरांबरोबर असल्याचें २०१३ सालीं दाखविण्यांत आलें.

२०१२ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं मानवी विषाणु यकृतपेशींत ज्या दारानें शिरतो तें दार ओळखलें. तेव्हांपासून मानवी पेशींतच त्याचा अभ्यास करणें सुलभ झालें आणि प्रयोगशाळांतील बदकांची गरज कमी होत गेली. मात्र बंद वर्तुळ यकृतांतून समूळ काढून टाकणारें औषध अद्यापि रुग्णाच्या हातीं आलेलें नाहीं.