उंदीर, पिसू आणि मनातले चित्र

गोठ्यातली गाय सकाळी वैरणीला तोंड लावत नाही. आजी म्हणते, दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. गडी म्हणतो, काल बांधावर काहीतरी वाईट खाल्लं असणार. ढोरांचे डॉक्टर येतात, ते आधी तिचा ताप पाहतात, मग तोंड नि खूर तपासतात. गाय एकच, पण तिघांच्या मनांतली चित्रे तीन. ज्याच्या मनात जे चित्र असते, तिकडेच त्याची नजर जाते आणि तिकडेच त्याचा हात वळतो.

वाचकहो, गोंधळाच्या प्रसंगी आपण सगळेच असे वागतो, आणि त्यात गैर काही नाही. मनात काही एक चित्र धरल्याशिवाय माणसाला पाऊलच उचलता येत नाही. प्रश्न एवढाच, की समोरच्या गोष्टी त्या चित्रात बसेनाशा झाल्या, तर आपण चित्र बदलतो, की गोष्टींकडेच डोळेझाक करतो? ह्या प्रश्नाची फार मोठी किंमत आपल्या मुलखाने एकदा मोजली आहे. ती हकीकत आज सांगायची आहे.

१८९६ चा सप्टेंबर महिना. मुंबई बंदराजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाट वस्तीत, माणसे तापाने फणफणून पटापट मरू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ यायची आणि थोड्याच दिवसांत खेळ आटोपायचा. डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग ओळखला. तो प्लेग होता. आपल्याकडच्या वैद्यांचा शब्द सांगायचा तर ग्रंथिक सन्निपात.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. प्लेगचा जंतू त्या वेळी अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन ह्या शास्त्रज्ञाने तो शोधून काढला होता. चोर सापडला होता. पण तो घरात कोणत्या वाटेने शिरतो हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते. मग अधिकाऱ्यांनी मनातले जुने चित्र पुढे केले. ते चित्र असे, की रोग घाणीतून, कोंदट हवेतून आणि माणसाच्या संसर्गातून पसरतो. पटकीसारख्या रोगांत स्वच्छतेचा उपयोग झालेला होता, तेव्हा हे चित्र अगदीच वेडगळ होते असे म्हणता येणार नाही.

पण त्या चित्रातून जे उपाय निघाले ते पाहा. गटारे धुतली गेली, घरांवर जंतुनाशकांचे फवारे मारले गेले, भिंतींना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. देवघरात बूट गेले, सामान रस्त्यावर आले, आजाऱ्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेण्यात आले. लोक इतके धास्तावले, की रोगी लपवू लागले. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हे तुम्ही जाणताच.

तुम्ही म्हणाल, हा तर जुलमाचा इतिहास झाला. होय, जुलूम होताच. पण त्या जुलमाच्या मुळाशी एक चुकलेले चित्रही होते. झडती घेणारे माणसाच्या मागे लागले होते, आणि रोग तर जमिनीवरून सरपटत होता.

ह्या चित्रात न बसणाऱ्या गोष्टी तेव्हाही डोळ्यांसमोर होत्या. इस्पितळात गाठीच्या रोग्यांची सेवा करणाऱ्यांना रोग क्वचितच होई. हवेतून किंवा स्पर्शाने तो पसरत असता, तर आधी तेच आजारी पडायला हवे होते. उलट, रोग्याला हलवले तरी त्याच्या घरात नवे रोगी निघत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माणसांच्या आधी उंदीर मरत.

ही शेवटची खूण आपल्या खेड्यांतल्या माणसांनी पक्की हेरली होती, बरं का! ‘उंदीर पडले’ म्हटले, की लोक घरांना कुलपे लावून शेतात नाहीतर माळावर झोपड्या घालून राहायला जात. पिसवांचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. पण उंदरांमागून रोग येतो, हे चित्र त्यांनी डोळ्यांनी पाहून बनवले होते, आणि त्यातून निघालेला उपाय बरोबर होता.

पॉल लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर १८९७ साली मुंबईत आला. त्याने ह्या न बसणाऱ्या गोष्टींचाच पिच्छा पुरवला. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी पुष्कळ मेलेले उंदीर सापडले. ते उचलायला वीस मजूर लावले; तीन दिवसांत त्यांतल्या दहांना प्लेग झाला. बाकीच्या कामगारांना काही झाले नाही. पण उंदीर मरून बराच वेळ झाला असेल, तर त्याला हात लावूनही बाधा होत नसे. असे का? सिमाँने ताडले, की प्रेत थंड झाले की पिसवा ते सोडून जातात. काही रोग्यांच्या कातडीवर बारीक फोड असत आणि त्यांत जंतू सापडत. तो फोड म्हणजे पिसवेचा चावा असेल काय?

१८९८ च्या जूनमध्ये कराचीत त्याने प्रयोग केला. पिसवा असलेला प्लेगचा उंदीर एका बरणीत ठेवला. तो मरायला टेकला, तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यातला एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते; पण जाळीतून पिसू जाऊ शकत होती. दुसरा उंदीरही काही दिवसांत प्लेगने मेला.

एवढे झाले तरी सरकारी प्लेग कमिशनने हे मत स्वीकारले नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, रीतसर प्रयोग झाले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. जे जमिनीवर मोकळे होते, त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि ते मेले. ज्यांच्यापर्यंत पिसू पोचू शकत नव्हती, ते वाचले. हवा तर दोघांना एकच होती! सिमाँ खरा ठरला; पण मधली वर्षे गेली ती गेलीच. ह्या साथीने काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली.

आज प्लेगवर औषधे आहेत. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले आणि मागोमाग रोगी निघाले, तेव्हा पुन्हा अंधारात चाचपडावे लागले नाही. रोगाची वाट आता ठाऊक होती.

शिक्षकमित्रांनो, हा धडा वर्गात सांगाल तेव्हा सनावळीवर थांबू नका. पिकावर रोग पडतो, विहिरीचे पाणी अचानक खाली जाते, मुलगा शाळेत यायचे टाळतो. अशा वेळी मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. माझ्या मनात ह्याचे कोणते चित्र आहे? त्यात कोणती गोष्ट बसत नाही? आणि कुणाचे चित्र बरोबर हे ठरवायचे, तर काय करून पाहता येईल? शेतकरी बंधूंनो, तुमच्या वाडवडिलांनी पडलेल्या उंदरांकडे नीट पाहिले, म्हणून कितीतरी घरे वाचली. गावात कुणी वेगळे काही पाहिल्याचे सांगत आला, तर त्याला हसण्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या.