मारलवाई, दंडारी आणि भिंगांची निवड

निजामाविरुद्धच्या जोडेघाटच्या लढ्यात १९४० मध्ये गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या अभ्यासाचे काम मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाईत पत्नी बेटी यांच्यासह राहून त्यांनी गोंडजीवन कॅमेऱ्यात टिपले. त्यांची छायाचित्रे व चित्रफिती लंडनच्या सोआस संस्थेत आहेत.

त्या काळी १६ मिमी चित्रीकरणात २५ मिमीचे भिंग सर्वसाधारण मानले जाई. अंगणभर फेर धरणारे गोंडांचे दंडारी नृत्य जवळूनच टिपायचे, तर १० ते १५ मिमीचे रुंद भिंग लागे. मात्र कडेचे नर्तक ताणलेले दिसत. त्यातल्या गुसाडी नर्तकाचा मोरपिसांचा टोप, त्यावरची शिंगे आणि राख फासलेले अंग नृत्यात न घुसता टिपायला ७५ मिमीचे भिंग सोयीचे. पण हात किंचित हलला तरी चित्र थरथरे. म्हणून अनेक कॅमेऱ्यांच्या फिरत्या चकतीवर तीन भिंगे बसवलेली असत. १९६० च्या दशकात आँजेन्यूचे १२-१२० मिमी झूम रूढ झाले आणि ऐन नाचात भिंग बदलण्याची घाई टळली. रात्री शेकोटीच्या उजेडात मात्र मोठ्या छिद्राचे स्थिर भिंगच उपयोगी ठरे.