मिठाच्या मोबदल्यात

अर्थशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. पुण्यात नोकरी सांभाळून भारत इतिहास संशोधक मंडळात जुने कागद चाळताना जे उमगत गेले, त्यातले हे एक प्रकरण.

शिवकालाच्या अभ्यासकांना 1671 चे एक पत्र ठाऊक असते. बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीज मुलखातले मीठ स्वस्त पडून संगमेश्वरच्या मिठाचा खप बसू नये, म्हणून त्यावर जबर जकात घ्यावी, असे शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला कळवले होते. पुढे दोनशे वर्षांनी ही जकातीची भिंतच पाडली गेली.

26 डिसेंबर 1878 रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी करार केला. 15 जानेवारी 1880 पासून तो अमलात आला. ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात उठली. मुरगाव बंदर व घाटापर्यंतच्या रेल्वेची सोय झाली. कागदावर हा मुक्त व्यापारच! पण गोव्याचे स्वस्त मीठ मोकळेपणी आत आले, तर इंग्रजांचा मीठकर बुडाला असता. म्हणून तिथल्या मिठाचे नियंत्रणच इंग्रजांनी आपल्या हाती घेतले आणि मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला 4 लाख रुपये कबूल केले.

भरपाई सरकारला मिळाली. मिठागरे मात्र रयतेची बंद पडली. ज्यांच्या दारात मीठ पिकत होते, त्यांनाच ते महाग झाले. माडी काढणाऱ्यांवर अबकारी आली ती वेगळीच. 1892 च्या जानेवारीत मुदत संपली आणि करार पुन्हा झाला नाही.

प्रादेशिक करार नवा व्यापार निर्माण करतो, की स्वस्त परक्याकडचा व्यापार महाग भागीदाराकडे वळवतो, ही कसोटी जेकब वायनर यांनी 1950 मध्ये मांडली. त्याआधी, 1947 च्या गॅट करारात भारतासह 23 देशांनी सर्वांना समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले होते. तरी 24 व्या कलमाने प्रादेशिक गटांना वाट ठेवलीच. नोव्हेंबर 2019 मध्ये ‘आरसेप’मधून भारत बाहेर पडला, तेव्हा आपल्याकडे दूध उत्पादकांची चिंता ऐरणीवर होती.

वायनर यांच्या कसोटीला मी गोव्याचा एक प्रश्न जोडतो. कराराची भरपाई कोणाच्या तिजोरीत जाते आणि भुर्दंड कोणाच्या ताटात पडतो? देशाचा एकूण फायदा मोजताना मिठागरातला माणूस त्या बेरजेत हरवतो. त्याला वेगळा मोजल्याशिवाय कोणताही करार, दोघांचा असो वा साऱ्या जगाचा, कल्याणकारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.