वसई-विरार : बंदर, मूर्ती आणि पुतळे

वसई-विरार : महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील शहर व महानगरपालिका क्षेत्र. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर. लोकसंख्या सुमारे १२ लाख (२०११). वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. मुंबईकराला विरार माहीत असते ते लोकलच्या गर्दीमुळे; पण रूळ पडण्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे या किनाऱ्याची ओळख बंदर हीच होती. आधी सोपारे, मग वसई.

या भागातील पुतळा म्हटला की वसईच्या किल्ल्यातील चिमाजी अप्पांचा, असे समीकरण झाले आहे. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. या बंदरांत घडलेल्या, पुरलेल्या, उतरवलेल्या मूर्तींपैकी बऱ्याच आज बाहेर आहेत. काही मुंबईत, काही घाटावरच्या देवळांत, येथल्या एका माणसाचा पुतळा तर थेट जपानात. त्यामुळे येथल्या पुतळ्यांची नोंद करायची तर शहराची हद्द पाळून चालत नाही.

सोपारे : ‘शूर्पारक’ हे नाव महाभारतात आणि बौद्ध वाङ्मयात येते, ग्रीक दर्यावर्द्यांनाही हे बंदर ठाऊक होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात मिळाला. संपूर्ण लेख मिळालेला नसला तरी मौर्य सत्तेला येथे शिलालेख कोरवून घ्यावासा वाटला, यावरून बंदराचे महत्त्व कळते.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा टेकाडवजा ढिगारा खणला. तो विटांचा स्तूप निघाला. त्याच्या गर्भात दगडाचा गोल करंडक होता. त्यात मधोमध तांब्याची डबी, तिच्या पोटात चांदीची, आणखी आत दगडाची, स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे आणि सोन्याची फुले. तांब्याच्या डबीभोवती आठ लहान बैठ्या मूर्ती वर्तुळात मांडलेल्या : शाक्यमुनी धरून सात मानुषी बुद्ध आणि आठवा पुढे यायचा मैत्रेय. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले, मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकातली. यावरून स्तूप मध्यंतरी एकदा उघडून मूर्ती आत ठेवल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. नालासोपाऱ्याला उरला आहे तो स्तूपाचा चौथरा.

सोपाऱ्याची जागेवर राहिलेली मोठी मूर्ती चक्रेश्वर तळ्याकाठच्या महादेवाच्या देवळात आहे : ब्रह्मदेवाची, उभी, पुरुषभर उंचीची, समोरून तीन मुखे दिसणारी. शिलाहारकाळातील ही मूर्ती कोकणातील उत्तम शिल्पांत धरायला हवी. तिच्याकडे किल्ल्याच्या दशांशानेही कोणी फिरकत नाही.

पोर्तुगीज वसई : सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, तसा व्यापार दक्षिणेच्या खाडीकडे सरकला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच आली. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबई हे वसईच्या पदराखालचे एक ठाणे होते. गोव्याच्या खालोखाल ‘उत्तर प्रांता’चा कारभार वसईहून चाले. तटाची लांबी सुमारे साडेचार किलोमीटर, आतले क्षेत्र सुमारे ११० एकर. तीन बाजूंनी पाणी. या तटाआड फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांची चर्चे आणि मठ उभे राहिले. संत जोसेफ कॅथीड्रलचा मनोरा आजही लांबून दिसतो.

वसईची चर्चे ज्या काळ्या दगडाची, तोच दगड जहाजांतून गोव्याला जाई. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागातले काळे खांब आणि कोरीव काम वसईच्या बेसाल्टात आहे. गोव्याच्या मऊ जांभ्या दगडात इतके बारीक काम टिकत नाही.

किल्ल्यातील पोर्तुगीज शिल्प आज दारांवरच्या राजचिन्हांत, खांबांच्या माथ्यांत आणि चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या दगडांत पाहावे लागते. कोनाडे जागोजाग आहेत, त्यांतले संत नाहीत.

संत गोन्सालो गार्सिया : वसईचा एक रहिवासी मात्र पुतळ्याच्या रूपाने दूरदेशी उभा आहे. गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. जेझुइटांकडे शिकून तो त्यांच्याबरोबर जपानला गेला, पुढे व्यापारात पडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात शिरला. जपानी उत्तम येत असल्यामुळे १५९३ मध्ये फ्रान्सिस्कनांनी त्याला दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला नेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला संत. नागासाकीच्या त्याच टेकडीवर १९६२ मध्ये शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी २६ हुतात्म्यांच्या ब्राँझच्या आकृती एका ओळीत उभ्या केल्या. त्या ओळीत वसईचा गोन्सालोही आहे. जपानच्या या प्रसिद्ध स्मारकात एक वसईकर आहे, हे वसईबाहेर फारसे कोणाला माहीत नसते. वसईत त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि गासचे चर्च त्यालाच वाहिलेले आहे.

१७३९ ची मोहीम : पोर्तुगिजांच्या अंमलात देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली, अंजूरच्या नाईक बंधूंनी त्याविरुद्ध पेशव्यांकडे वर्षानुवर्षे खटपट केली. १७३७ च्या वसंतात मराठ्यांनी साष्टी आणि ठाणे घेतले, वसईवरचा हल्ला मात्र फसला. दुसऱ्या खेपेस पेशवे बाजीराव यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पांनी आधी उत्तरेची ठाणी उचलली. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर पडले. तेथे मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून ठार झाले. फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले. दोन बाजूंना समुद्र आणि एका बाजूला खाडी, त्यामुळे हल्ला करायला जागा एकच : उत्तरेची रेताड जमीन. तेथून सुरुंग खणत तटापर्यंत जायचे, वरून गोळे आणि पेटती दारू झेलायची, असे तीन महिने चालले. मे महिन्याच्या आरंभी सान सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले आणि खिंडार पडले. १६ मे रोजी पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. आठवड्याने त्यांचे सैन्य शस्त्रे आणि निशाणांसह बाहेर पडले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. वसईचे गाव आजही सणावारांत आणि आडनावांत त्याची साक्ष देते.

‘किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेला बांधा आणि निदान माझे डोके तरी आत जाऊ द्या’, अशा आशयाचे उद्गार चिमाजींच्या तोंडी घातले जातात. ती आख्यायिका म्हणून सांगावी. माणसांची हानी मात्र आख्यायिका नव्हे. मराठ्यांकडचे मेलेले आणि जखमी हजारांत मोजावे लागतात.

विजयानंतर चर्चच्या घंटा उतरवून सरदारांनी घाटावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची या तीन सर्वांत प्रसिद्ध. मेणवलीची घंटा १७०७ सालची असून तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची उठावाची आकृती आहे. कृष्णेच्या काठी देवदर्शनाला आलेली माणसे ती वाजवत आली आहेत. आकृती कोणाची, याची विचारपूस करणारे थोडे. नव्या मालकांनी ती घासून काढली नाही, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. वसईच्या सुबत्तेच्या काळातली जी थोडी मूर्तिकला शाबूत राहिली, ती विजयाची लूट म्हणून उचलली गेली आणि त्यामुळेच वाचली.

चिमाजी अप्पांचे स्मारक : किल्ल्याच्या आवारात नरवीर चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. दर मे महिन्यात येथे वसई विजयोत्सव साजरा होतो. चिमाजींना हा विजय फार दिवस पाहता आला नाही : थोरले बंधू बाजीराव एप्रिल १७४० मध्ये गेले, चिमाजी त्याच वर्षाच्या डिसेंबरात. पेशव्यांच्या इतिहासात ते थोरल्या भावाच्या सावलीत राहिले आणि स्वतंत्र पुतळा त्यांच्या वाट्याला आला तो येथे, त्यांनीच जिंकलेल्या तटाआड. ही निवड रास्त आहे. त्या मोहिमेत सुरुंग खणणाऱ्यांचे आणि तटाखाली पडलेल्या शिपायांचे मात्र वेगळे स्मारक वसईत असायला हवे होते.

ऱ्हास : मराठ्यांच्या काळात वसईचे नाव बाजीपूर ठेवले गेले, पण लोकांच्या तोंडी ते बसले नाही. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड याने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने तो परत मिळाला. यशवंतराव होळकरांच्या हातून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी येथेच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक जेथे मिळाला, तेथेच स्वातंत्र्यावर पाणी सोडणारी सही झाली. १८१८ नंतर किल्ल्याची जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, आत साखरेचा कारखानाही निघाला. व्यापार मुंबईने ओढून नेला होताच. १८६० च्या दशकात रेल्वे आल्यावर गाव स्थानकाच्या दिशेने वाढले आणि खाडीचा धक्का कोळ्यांपुरता राहिला.

पाचूबंदर आणि किल्लाबंदर या कोळीवाड्यांच्या होड्या अजून त्याच खाडीत लागतात आणि हंगामात तटाच्या सावलीत बोंबील वाळतात. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. वसई रोड स्थानकाहून बस आणि रिक्षा मिळते. सोपाऱ्याचा स्तूप आणि चक्रेश्वराचा ब्रह्मदेव पाहायचा असेल तर नालासोपारा स्थानकावर पश्चिमेला उतरावे.