'योल्का' : रशियन महानगरांतील बालोत्सवाचा इतिहास आणि एका शब्दाचे अर्थांतर

उत्सवांचा इतिहास लिहिताना विधी, कथा आणि श्रद्धा यांचा मागोवा सामान्यतः घेतला जातो. परंतु लोक ज्या शब्दाने उत्सव ओळखतात, त्या शब्दाच्या अर्थाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. राज्यसत्तेने एखादा उत्सव बंद केला, पुढे त्याच सत्तेने तो निराळ्या नावाने पुन्हा सुरू केला, आणि तरीही लोकांनी तो आपलाच मानला, असे घडते तेव्हा शब्दांचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. रशियातील 'योल्का' हा शब्द अशा साक्षीदारांपैकी एक होय.

'योल्का' म्हणजे मूळ अर्थाने स्प्रूस जातीचा सूचिपर्णी वृक्ष. 'येल्' या वृक्षवाचक नामाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून हे रूप सिद्ध झाले आहे. परंतु मॉस्कोतील मूल 'योल्काला जाते' असे म्हटले जाते तेव्हा ते वनात जात नाही. ते शृंगारलेल्या वृक्षाभोवती होणाऱ्या नृत्यगायनाच्या मेळाव्याला जाते. वृक्ष, शृंगारलेला वृक्ष, त्याभोवतीचा उत्सव आणि त्या उत्सवातील नाट्यप्रयोग अशा चार पायऱ्यांनी हा अर्थविस्तार झाला. मराठीत 'होळी' हा शब्द रचलेली लाकडे आणि सण या दोहोंचा वाचक आहे, त्याच जातीची ही लक्षणा होय. मात्र 'योल्का' शब्दाच्या बाबतीत प्रत्येक पायरीमागे एखादी राजाज्ञा, परकीय वस्ती किंवा वृत्तपत्रातील पत्र उभे आहे.

१

पहिली पायरी पीटर दि ग्रेट याची. १६९९ च्या डिसेंबरातील आज्ञेने त्याने वर्षारंभ १ सप्टेंबरवरून १ जानेवारीवर आणला, सृष्ट्युत्पत्तीपासूनची कालगणना बाजूला सारून ख्रिस्तजन्मापासूनची स्वीकारली, आणि नगरवासीयांनी घरांच्या दारांपुढे पाइन, स्प्रूस व जुनिपर यांच्या फांद्या लावाव्यात असे फर्मावले. या आज्ञेत घरात वृक्ष उभा करण्याचा किंवा बालकांचा काही संबंध नव्हता. सजावट रस्त्याकडे तोंड करून करावयाची होती. पीटरनंतर ही प्रथा सामान्य घरांतून मावळली आणि मुख्यतः मद्यगृहांपुरती उरली. मद्यगृहाच्या छपरावर लावलेली योल्का ही त्याची ओळखखूण झाली, आणि 'योल्काखाली जाणे' याचा लोकभाषेतील अर्थ दारूच्या गुत्त्यावर जाणे असा झाला. पुढे जो शब्द बालकांच्या निर्मळ आनंदाचा वाचक झाला, त्याचा पूर्वार्थ असा होता, हे अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरी पायरी जर्मनांची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट पीटर्सबर्गमधील जर्मन कुटुंबांनी नाताळच्या पूर्वसंध्येला घरात वृक्ष शृंगारण्याची आपली रीत चालू ठेवली. राजकुलातही ती प्रशियाच्या राजकन्येबरोबर आली. ही राजकन्या १८१७ मध्ये विवाहानंतर अलेक्झांड्रा फ्योदोरोव्ना या नावाने रोमानोव्ह घराण्यात आली होती. अमीर-उमराव आणि त्यांच्या मागोमाग सुस्थित नागर वर्ग यांनी तिचे अनुकरण केले. १८५२ मध्ये पीटर्सबर्गच्या येकातेरिन्गोफ येथे सार्वजनिक योल्का उभारली गेली. ऑर्थोडॉक्स धर्मपरंपरेला हा वृक्ष परकाच होता. तो चर्चमार्फत नव्हे, तर दिवाणखान्यामार्फत रशियात आला. म्हणूनच त्याचे केंद्र धर्मविधी हे न होता मूल हे झाले. ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली.

दिवाणखान्याला खिडकी असते आणि खिडकीबाहेर रस्ता असतो. दस्तयेव्स्कीने १८७६ च्या जानेवारीत 'लेखकाची दैनंदिनी' या आपल्या नियतकालिकात जी प्रसिद्ध कथा छापली, तिच्यातील भुकेला मुलगा काचेतून परक्यांच्या घरची योल्का पाहतो आणि अखेर थंडीने गारठून मरतो. महानगरातील हिवाळी उत्सव आणि त्यातून वगळलेले मूल हे द्वंद्व यानंतर रशियन साहित्यात रुजले, आणि साठ वर्षांनी एका अगदी अनपेक्षित ठिकाणी ते पुन्हा प्रकट झाले.

२

क्रांतीनंतर लगेच योल्का बंद झाली, असा समज आढळतो. तो यथार्थ नाही. १९१९ च्या जानेवारीत लेनिन स्वतः मॉस्कोच्या सोकोल्निकी भागातील एका शाळेच्या योल्काला गेला होता. त्यापूर्वी, १९१८ च्या फेब्रुवारीत, सोव्हिएत सत्तेने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. चर्चने मात्र जुनेच पंचांग चालू ठेवले. परिणामी चर्चचा २५ डिसेंबर नव्या गणनेने ७ जानेवारीला येऊ लागला. पूर्वी नाताळ आधी आणि नववर्ष नंतर असा क्रम होता. आता नववर्ष आधी, तेही चर्चच्या नाताळपूर्व उपवासकाळात, आणि नाताळ नंतर असा झाला. दोन सणांतील ही फट पुढे राज्यकर्त्यांच्या उपयोगी पडली.

१९२२ च्या अखेरीपासून 'कोम्सोमोल नाताळ' या नावाने धर्मविरोधी मिरवणुका निघू लागल्या. १९२९ मध्ये अखंड कार्यसप्ताहाची पद्धत आली आणि त्याबरोबर नाताळची सुट्टी संपली. योल्का ही बूर्झ्वा व पुरोहितशाहीची खूण म्हणून निषिद्ध ठरली. अनेक घरांतून ती खिडक्यांवर पडदे ओढून होत राहिली. या वर्षांत उत्सवाचा प्रकाश रस्त्यावरून दिसू नये याची दक्षता घरातील माणसेच घेत होती.

२८ डिसेंबर १९३५ रोजी 'प्राव्दा'मध्ये पावेल पोस्तिशेव्ह याचे एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. पोस्तिशेव्ह त्या वेळी युक्रेनच्या कम्युनिस्ट पक्षाचा द्वितीय सचिव होता. पत्राचा आशय असा : क्रांतिपूर्व काळात श्रीमंत लोक आपल्या मुलांसाठी योल्का करीत आणि कामगारांची मुले ती खिडकीतून हेव्याने पाहत, मग आता कष्टकऱ्यांच्या मुलांना या आनंदापासून दूर का ठेवावे? शाळा, अनाथालये, पायोनियर प्रासाद आणि बालरंगमंदिरे या सर्व ठिकाणी नववर्षासाठी योल्का व्हावी. युक्तिवादाचा सारा भार खिडकीच्या प्रतिमेवर आहे. निरीश्वरवादी पक्षाच्या मुखपत्राने योल्काचे समर्थन केले ते नाताळविषयक साहित्यानेच घडविलेल्या प्रतिमेच्या आधाराने, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

पत्रातील 'नववर्षासाठी' हे पदही तितकेच महत्त्वाचे आहे. नाम तेच राहिले, विशेषण बदलले : 'रोझ्देस्त्वेन्स्काया योल्का', म्हणजे नाताळची योल्का, ही 'नोवोगोदन्याया योल्का', म्हणजे नववर्षाची योल्का झाली. शेंड्यावरील बेथलेहेमच्या ताऱ्याच्या जागी पाच टोकांचा तांबडा तारा आला. दूरवरून पाहणाऱ्याला दोन्ही तारेच दिसणार होते.

हे परिवर्तन याच वर्षी का झाले, याचे उत्तर केवळ बालप्रेमात शोधता येणार नाही. १९३५ च्या आरंभी पावावरील आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मांस, साखर इत्यादी पदार्थांवरील शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या. जीवन अधिक सुखाचे झाले आहे, ही घोषणा स्टालिनने नोव्हेंबरात केली होती. सुखाचे प्रदर्शन मांडावयाचे तर त्यासाठी बालकांचा उत्सव हे सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत परिणामकारक साधन होते. त्यातही हे स्मरणात ठेवले पाहिजे, की १९३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये धान्यवसुलीची कठोर अंमलबजावणी करण्यासाठी पाठविलेल्यांपैकी पोस्तिशेव्ह हा एक प्रमुख होता. ज्या हाताने बालकांना योल्का परत दिली, तोच हात त्यांच्या उपासमारीतही गुंतलेला होता. १९३८ मध्ये पोस्तिशेव्हला अटक झाली आणि १९३९ च्या फेब्रुवारीत त्याला गोळी घालण्यात आली. योल्का मात्र पुन्हा रद्द झाली नाही. उत्सव आपल्या प्रवर्तकावर अवलंबून राहिला नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा नसावा.

३

नव्या उत्सवाला पात्रे हवी होती. 'देद मरोज', म्हणजे 'आजोबा कडाका', हे पात्र लोककथांतील 'मरोज्को' आणि अदोयेव्स्कीच्या १८४१ च्या बालकथेतील 'मरोज इव्हानविच' यांच्यापासून घडत आले होते. 'स्नेगूरोच्का', म्हणजे हिमकन्या, ही अस्त्रोव्स्कीच्या १८७३ च्या नाटकातून आणि रीम्स्की-कोर्साकव्हच्या १८८२ च्या संगीतिकेतून परिचित झाली होती. तेथे ती वसंतात वितळून जाते. सोव्हिएत योल्काने तिला आजोबांची नात केले आणि तिचे वितळणे सोडून दिले. १९३७ च्या प्रारंभी मॉस्कोच्या हाउस ऑफ युनियन्समधील स्तंभमंडपात भव्य योल्का झाली. तेथपासून आजोबा व नात ही जोडी मेळाव्याचे सूत्रसंचालन करणारी म्हणून रूढ झाली. सेंट निकोलस किंवा बालख्रिस्त यांची उणीव मुलांना भासली नाही, कारण त्यांच्या जागी आलेली पात्रे परकी नव्हती.

गीताच्या बाबतीतही हेच घडले. राइसा कुदाशेवा हिची योल्कावरील कविता १९०३ मध्ये 'माल्युत्का' या बालमासिकात केवळ आद्याक्षरांनिशी छापली गेली, आणि १९०५ मध्ये लिओनिद बेक्मान याने तिला चाल दिली. वनात जन्मलेले झाड, त्याला तोडणारा शेतकरी आणि मुलांच्या घरी होणारे त्याचे आगमन एवढाच तिच्या गायल्या जाणाऱ्या कडव्यांचा विषय आहे. त्यांत नाताळचा उल्लेख नाही. म्हणून ते गीत एक अक्षरही न बदलता दुसऱ्या राजवटीत जाऊ शकले. जे नाम विशेषणावाचून जगू शकते, त्याला विशेषण बदलल्याने इजा होत नाही.

लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४२ च्या जानेवारीतही, शहरातील नाट्यगृहांतून मुलांसाठी योल्का झाली आणि प्रयोगानंतर त्यांना जेवण देण्यात आले. नगरात उपासमारीने माणसे मरत असताना मुलांना नृत्यगायनापेक्षा त्या जेवणाची ओढ असावी, यात नवल नाही. तथापि प्रशासनाने जेवण वाटण्यासाठी योल्का हेच निमित्त निवडले. महानगराचे नित्य जीवन चालू असल्याचे तेच सर्वांना समजणारे चिन्ह होते.

२३ डिसेंबर १९४७ च्या आदेशाने १ जानेवारी हा पुन्हा सुट्टीचा दिवस झाला. त्याच आदेशाने ९ मेचा विजयदिन मात्र कामाचा दिवस ठरला. १९५४ च्या जानेवारीत क्रेमलिनच्या महाप्रासादातील जॉर्ज मंडपात योल्का झाली. सामान्य नागरिकांना क्रेमलिन पाहण्यासाठी मोकळे झाले ते १९५५ मध्ये; म्हणजे बंद तटामागे मुले आईबापांच्या आधी पोहोचली. १९६१ मध्ये सुमारे सहा हजार आसनांचे काँग्रेस भवन क्रेमलिनमध्ये उभे राहिले आणि हा मेळावा तेथे नेण्यात आला.

या सार्वजनिक योल्काची तिकिटे बहुधा आईबापांच्या कामाच्या ठिकाणच्या कामगार संघामार्फत मिळत आणि तिकिटाला जोडलेला तुकडा दिला की मिठाईचा खोका हाती येई. म्हणजे मुलाचा आनंद आईबापांच्या नोकरीशी बांधलेला होता. मोठ्या मेळाव्यांत पालक बाहेर थंडीत थांबत आणि मुले आत जात. पूर्वी गरीब मूल बाहेरून पाहत होते. आता खिडकीबाहेर पालक उभे होते. याच्या जोडीला त्स्वेत्नोय मार्गावरील १८८० पासूनची सर्कस, १९३१ मध्ये स्थापन झालेले ओब्राझ्त्सोव्हचे कळसूत्री बाहुल्यांचे नाट्यगृह, गोर्की उद्यानातील पाणी ओतून गोठविलेल्या वाटांवरचे घसरणे, आणि चायकोव्स्कीचे १८९२ मध्ये प्रथम सादर झालेले 'नटक्रॅकर' नृत्यनाट्य अशी सुट्टीतील करमणूक होती. सुट्टीला रशियन भाषेत 'कनीकुली' म्हणतात. तिचे मूळ लॅटिन 'कनिकुला', म्हणजे व्याधाचा तारा. ग्रीष्मातील दाहक दिवसांचा वाचक शब्द गोठलेल्या जानेवारीला लागावा, हेही अर्थाच्या प्रवासाचे एक उदाहरण.

४

तथापि उत्सवाचा दुसरा अर्धा भाग घरातच राहिला. ३१ डिसेंबरच्या रात्री कुटुंब एकत्र बसे, मँडरिन संत्र्यांचा व झाडाच्या डिंकाचा वास खोलीत मिसळे, आणि हे झाड १४ जानेवारीच्या 'जुन्या नववर्षा'पर्यंत हलविले जात नसे. शाळेची हिवाळी सुट्टी ३० डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन १० जानेवारीच्या आसपास संपे. म्हणजे ७ जानेवारीचा नाताळ, नाव न घेता, सुट्टीतच येत असे. ज्या आजीला तो दिवस पाळावयाचा होता, तिला नातवंडे घरी मिळत. दुसरीकडे ज्यू, मुसलमान व ख्रिस्ती अशा सर्व कुटुंबांना धर्म न विचारता सामील होता येईल असा हा महानगरातील सण ठरला. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली अनेक रशियनभाषी ज्यू कुटुंबे आजही नववर्षाची योल्का करतात, हे त्याचेच फलित होय.

१९९१ पासून ७ जानेवारी हा रशियात पुन्हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला, आणि २००५ पासून जानेवारीच्या प्रारंभी दीर्घ सुट्टी मिळू लागली. नाताळाला आपले नाव परत मिळाले. परंतु योल्का नाताळाकडे परत गेली नाही. क्रेमलिनमधील मेळावा, आजोबा व नात, आणि घरातील झाड ही सारी नववर्षाचीच राहिली.

येलेना दुशेच्किना यांनी २००२ मधील आपल्या 'रशियन योल्का' या ग्रंथात या प्रथेचा साधार इतिहास मांडला आहे. त्या इतिहासाकडे भाषेच्या बाजूने पाहिल्यास दोन प्रचलित मते अपुरी ठरतात. योल्का हा मुखवटा घातलेला नाताळ होय, हे एक मत. ती शुद्ध राजकीय निर्मिती होय, हे दुसरे. राज्यसत्तेला विशेषण बदलता आले, तारा बदलता आला, तिकीट देता आले. नाम मात्र तिला घडविता आले नाही, कारण ते मुलांच्या तोंडी आधीच होते. सत्ता उत्सवाचे कारण ठरवू शकते, त्याची सवय ठरवू शकत नाही. आणि बालपणी लागलेली सवय कारण विसरले गेले तरी टिकते. गुत्त्याच्या छपरावरून दिवाणखान्यात, तेथून क्रेमलिनमध्ये आणि पुन्हा घरात आलेल्या या लहानशा झाडाच्या नावाने तीन शतकांत हेच सिद्ध केले आहे.